यूझनेट

यूझनेट : दूरदूरच्या संगणकांनी परस्परांकडे पोहोचविलेल्या लिखित संदेशांच्या द्वारा तंत्रविद्या, विज्ञान, राजकारण, चालू घडामोडी, कला, छंद इ. विषयांवर सार्वजनिक चर्चा घडवून आणणारी व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७९ मध्ये तिची कल्पना मांडली गेली व १९८० मध्ये ती जाहीर झाली. विषयवार विभागलेल्या तिच्या चर्चापीठांस ‘न्यूजग्रुप’ (वृत्तगट) असे म्हणतात. वृत्तपत्र, नभोवाणी व दूरचित्रवाणी या माध्यमांत बातमी देणारे थोडे व घेणारे पुष्कळ असतात. यूझनेटवर मात्र वाचक हाच वार्ताहर, टीकाकार व प्रसंगी तज्ञ साक्षीदारही होता. संगणकीय माध्यमातून बातमीवर चर्चा करण्याच्या पुढील काळातील बहुतेक पद्धती, शिष्टाचार व दोष यांची मुळे या व्यवस्थेत आढळतात.

पूर्वपीठिका : संगणक हे केवळ गणनयंत्र नसून संभाषणाचेही साधन होऊ शकते, ही जाणीव १९७० नंतरच्या दशकात दृढ झाली. इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या शिक्षणविषयक संगणकप्रणालीवर १९७३ मध्ये ‘नोट्स’ ही आज्ञावली तयार झाली. मुळात दोषांची नोंद करण्यासाठी योजिलेल्या या वहीचे रूपांतर लवकरच चर्चापीठात झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘कम्युनिटी मेमरी’ या प्रकल्पाने ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानात दूरमुद्रक ठेवून सामान्य नागरिकांना संदेश लिहिण्याची व वाचण्याची सोय करून दिली. शिकागोमध्ये वॉर्ड क्रिस्टन्सन व रँडी सूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये दूरध्वनीवरून वापरता येणारा संगणकीय सूचनाफलक सुरू केला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पानेट’ या जाळ्यावरही विज्ञानकथांपासून संगणकाच्या सामाजिक परिणामांपर्यंत अनेक विषयांवर पत्रव्यवहार चाले. तथापि आर्पानेटशी जोडले जाण्यास संरक्षण खात्याशी करारबद्ध असणे आवश्यक होते आणि बहुसंख्य विद्यापीठे या वर्तुळाच्या बाहेर होती. यूझनेटचा जन्म या उपेक्षेतून झाला. ‘गरिबांचे आर्पानेट’ असे त्याचे वर्णन त्याचे प्रवर्तकच करीत असत.

स्थापना : ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कट व जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ च्या अखेरीस ही योजना आखली. बेल प्रयोगशाळेच्या ‘युनिक्स’ या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्या वर्षी ‘यूयूसीपी’ ही आज्ञावली उपलब्ध झाली होती. एका संगणकाने दुसऱ्यास दूरध्वनी लावून माहितीच्या फाइली त्याच्याकडे पोहोचविणे हे तिचे कार्य होते. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी पहिली प्रायोगिक आज्ञावली लिहिली. नंतर स्टीफन डॅन्येल यांनी ती ‘सी’ या भाषेत नव्याने रचली. ड्यूक विद्यापीठ, तेथील वैद्यकीय विद्यालयाचा शरीरक्रियाविज्ञान विभाग व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ ही तीन केंद्रे आरंभी जोडण्यात आली. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांच्या परिषदेत या योजनेची घोषणा झाली.

आरंभीचे मोडेम सेकंदाला सुमारे ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरे, एवढ्याच वेगाने माहिती पाठवीत. दोन हजार अक्षरांचा एक संदेश पोहोचविण्यास मिनिटाहून अधिक काळ लागे व त्याचे दूरध्वनिशुल्क ज्या त्या संस्थेस भरावे लागे. दिवसाकाठी एकदोन संदेश येतील आणि केंद्रांची संख्या शंभरापलीकडे जाणार नाही, असा प्रवर्तकांचा अंदाज होता. तो अल्पावधीतच चुकीचा ठरला. वाढत्या संदेशांचा भार पेलण्यासाठी बर्कली येथे मेरी ॲन हॉर्टन व मॅट ग्लिकमन यांनी १९८१ मध्ये ‘बी न्यूज’ ही सुधारित आज्ञावली रचण्यास घेतली. बर्कलीमार्गे आर्पानेटवरील चर्चाही यूझनेटच्या वाचकांस उपलब्ध झाल्या. फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रायन कँटर व फिल लॅप्स्ली यांनी इंटरनेटच्या संदेशवहनपद्धतीशी जुळणारा ‘एनएनटीपी’ हा संकेत प्रसिद्ध केला आणि दूरध्वनीवर विसंबून राहण्याची गरज क्रमशः संपली.

कार्यपद्धती : यूझनेटला मध्यवर्ती कार्यालय नव्हते, मालक, संचालक किंवा मुख्य संगणकही नव्हता. एखाद्या केंद्रावर लिहिलेला संदेश ते केंद्र आपल्या शेजारच्या केंद्रांस देई, ती केंद्रे आपापल्या शेजाऱ्यांस देत आणि अशा रीतीने त्याच्या प्रती सर्वत्र पसरत. प्रत्येक संदेशास स्वतंत्र ओळखक्रमांक असे. त्यामुळे तोच संदेश दुसऱ्या वाटेने पुन्हा आल्यास केंद्र तो नाकारी. साठवणुकीची जागा महाग असल्याने बहुतेक ठिकाणी संदेश थोड्याच आठवड्यांत पुसले जात.

या रचनेचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की कोणताही मजकूर सर्वत्र दडपून टाकणे अतिशय अवघड झाले. दुसरा असा, की उत्तर मूळ प्रश्नाच्या आधी पोहोचणे, अर्धेच बोलणे ऐकून वाद पेटणे, एकच शंका शेकडो वेळा विचारली जाणे, हे प्रकार नित्याचे झाले. त्यावर उपाय म्हणून मूळ संदेशातील ओळी उद्धृत करून त्यांखाली उत्तर देण्याची पद्धत रूढ झाली. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठरावीक काळाने प्रसिद्ध करण्याचा प्रघातही पडला. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून ‘एफएक्यू’ या नावाने तो सर्वपरिचित आहे. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये रचलेल्या ‘आरएन’ या वाचन-आज्ञावलीत नको असलेले लेखक वा विषय वगळण्याची सोय होती. काय वाचावे व काय टाळावे, याची निवड ती वाचकाच्याच हाती ठेवी.

वृत्तगटांची रचना व नियमन : आरंभीच्या बहुतेक वृत्तगटांच्या नावांपुढे ‘नेट’ हे एकच उपपद असे. त्यांची संख्या वाढल्यावर १९८६-८७ मध्ये मोठी पुनर्रचना करण्यात आली. तिला ‘महानामांतर’ या अर्थाचे नाव मिळाले. संगणक (कॉम्प), विज्ञान (साय), समाज (सॉक), मनोरंजन (रेक), वादविवाद (टॉक), यूझनेटचा स्वतःचा कारभार (न्यूज) व संकीर्ण (मिस्क) असे सात वर्ग करण्यात आले. दूर अंतरावरील संदेशवहनाचा खर्च सोसणाऱ्या मोठ्या केंद्रांच्या व्यवस्थापकांनी हा बदल घडवून आणला. ज्या व्यवस्थेत कोणीच अधिकारी नव्हता, तेथे खर्च करणाऱ्याचा शब्द अखेर चालतो, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. प्रतिक्रिया म्हणून ब्रायन रीड, जॉन गिलमोर व गॉर्डन मॉफेट यांनी १९८७ मध्ये ‘ऑल्ट’ हा पर्यायी वर्ग सुरू केला. त्यात वृत्तगट काढण्यास मतदान किंवा अनुमती यांची गरज नव्हती.

काही वृत्तगटांत प्रत्येक संदेश आधी संपादकाकडे जाई व त्याने स्वीकारल्यासच प्रसिद्ध होई. इतरांत कोणासही काहीही लिहिण्याची मुभा होती. नेमकेपणा हवा तर संपादक हवा आणि मोकळेपणा हवा तर गोंगाट सोसावा लागेल, हा पेच तेव्हापासून या माध्यमास चिकटलेला आहे. वाद हातघाईवर आल्यास त्यास ‘फ्लेम’ (ज्वाला) असे म्हणत. संवाद लांबत गेला, की प्रतिपक्षाची तुलना हिटलर वा नाझी यांच्याशी होण्याची शक्यता वाढत जाते, हे माइक गॉडविन यांनी १९९० मध्ये मांडलेले उपहासगर्भ निरीक्षण ‘गॉडविनचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे.

तंत्रविद्याविषयक चर्चा : यूझनेटचे आरंभीचे वाचक प्रामुख्याने संगणकतज्ञ असल्याने तंत्रविषयक घडामोडींची चर्चा तेथे विशेष कसदार झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त संगणकप्रणालीचा संकल्प २७ सप्टेंबर १९८३ रोजी येथेच जाहीर केला. टिम बर्नर्स-ली यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये वर्ल्ड वाइड वेबच्या प्रकल्पाची माहिती एका वृत्तगटात दिली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस हेल्सिंकी येथील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक संगणकप्रणाली रचीत असल्याचे ‘मिनिक्स’ या प्रणालीविषयीच्या वृत्तगटात कळविले. पुढे तीच ‘लिनक्स’ होय. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते व ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य असल्याची टीका त्याच वृत्तगटात केली. टॉर्व्हाल्ड्स यांनी तिला तेथेच सडेतोड उत्तर दिले. नामवंत प्राध्यापक व अपरिचित विद्यार्थी यांच्यातील हा वाद जगभरच्या वाचकांसमक्ष सममूल्य पातळीवर झाला, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय.

ऑगस्ट १९८५ पासून पीटर न्यूमन यांनी संपादिलेला ‘रिस्क्स’ हा चर्चासंग्रह पुढे ‘कॉम्प.रिस्क्स’ या वृत्तगटातून प्रसिद्ध होऊ लागला. संगणकावर विसंबल्याने मानवी जीवितास व व्यवहारास उद्भवणारे धोके हा त्याचा विषय. ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रातील दोषांमुळे रुग्णांचे झालेले मृत्यू, १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील दूरध्वनिसेवेचा झालेला मोठा खोळंबा अशा घटनांचा ऊहापोह त्यात झाला. वृत्तपत्रातील बातमी तेथे आरंभबिंदू मानली जाई. तिच्यातील तांत्रिक चुका दाखविणे व प्रत्यक्ष काम केलेल्या अभियंत्यांनी भर घालणे, हे तेथील चर्चेचे वैशिष्ट्य होते.

पेंटियम प्रकरण : लोकचर्चेचे सामर्थ्य सर्वाधिक स्पष्टपणे प्रकट झाले, ते १९९४ मधील पेंटियम प्रकरणात. व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे जुळ्या अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज काढीत असता त्यांना संगणकाच्या उत्तरांत विसंगती आढळली. इतर सर्व शक्यता तपासून पाहिल्यावर दोष इंटेल कंपनीच्या पेंटियम या सूक्ष्मप्रक्रियकाच्या भागाकारात आहे, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी ३० ऑक्टोबर १९९४ रोजी काही परिचितांस तसे पत्राने कळविले. ते पत्र हस्ते परहस्ते संगणकीय चर्चापीठांवर पोहोचले व नोव्हेंबरच्या आरंभी ‘कॉम्प.सिस.इंटेल’ या वृत्तगटात आले.

तेथे अनेक देशांतील वाचकांनी आपापल्या यंत्रांवर पडताळणी केली. टिम को या अभियंत्याने प्रसिद्ध झालेल्या चुकीच्या उत्तरांवरून आतील भागाकारपद्धतीचे अनुमान बांधले व दोष ठळक दाखविणारे उदाहरण दिले : ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागल्यास १·३३३८२ असे उत्तर यावयास हवे, सदोष चिप १·३३३७४ असे देई. हा भागाकार कोणासही आपल्या टेबलाशी करून पाहता येण्याजोगा असल्याने प्रश्न तज्ञांपुरता मर्यादित राहिला नाही. भागाकारासाठी चिपमध्ये साठविलेल्या कोष्टकातील पाच नोंदी गळाल्या होत्या, हे त्याचे मूळ कारण होय.

सामान्य वापरात अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा संभवते, असे कंपनीचे म्हणणे होते. गरज सिद्ध करणाऱ्यासच चिप बदलून देण्याचे तिचे धोरण होते. वृत्तगटातील वाचकांचा आक्षेप चुकीपेक्षा या धोरणावर अधिक होता. आपल्या गणिताचे महत्त्व विक्रेत्याने का ठरवावे, असा त्यांचा प्रश्न होता. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी विषय उचलून धरला. कंपनीचे प्रमुख अँड्र्यू ग्रोव्ह यांचे दिलगिरीचे निवेदन त्याच वृत्तगटात प्रसिद्ध झाले. १२ डिसेंबर रोजी आयबीएमने या चिपवर आधारलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबविली व २० डिसेंबर रोजी इंटेलने मागेल त्यास चिप बदलून देण्याचे मान्य केले. यासाठी कंपनीने ४७·५ कोटी डॉलरची तरतूद केली. एका गणितज्ञाच्या पत्रापासून एवढा निर्णय होईपर्यंत दोन महिनेही लागले नाहीत.

चालू घडामोडी : अवकाशयानांविषयीच्या ‘नेट.कोलंबिया’ या वृत्तगटात २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटाचे वृत्त व त्यावरील तर्कवितर्क त्याच दिवशी येऊ लागले. १९८९ मधील तिआनानमेन चौकातील घटनांच्या काळात परदेशांतील चिनी विद्यार्थ्यांनी ‘सॉक.कल्चर.चायना’ या वृत्तगटातून बातम्यांची देवाणघेवाण केली.

सोव्हिएट संघातील अनुभव अधिक उद्बोधक आहे. १ एप्रिल १९८४ रोजी पीट बेरटेमा या डच संगणकतज्ञाने सोव्हिएट नेते चेर्न्येंको यांच्या नावे एक बनावट संदेश यूझनेटवर पाठविला. ‘क्रेमवॅक्स’ या काल्पनिक संगणकावरून तो आल्याचे त्यात दाखविले होते. पुष्कळांना तो खरा वाटला. पुढे मॉस्कोतील तंत्रज्ञांनी विनोदाने आपल्या खऱ्याखुऱ्या संगणकास तेच नाव दिले. १९ ऑगस्ट १९९१ रोजी मॉस्कोत सत्ता बळकाविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा वृत्तमाध्यमांवर निर्बंध आले. परंतु ‘रेलकॉम’ हे संगणकजाळे चालू राहिले. येल्त्सिन यांची निवेदने त्यावरून देशभर गेली व फिनलंडमार्गे यूझनेटवर पोहोचली. आपापल्या खिडकीतून बाहेर पाहावे व जे स्वतः पाहिले तेवढेच लिहावे, असे आवाहन जाळ्याच्या चालकांनी निरनिराळ्या शहरांतील सदस्यांना केले. त्यामुळे सैन्य सर्वत्र नसल्याचे स्पष्ट झाले. त्याच वेळी पश्चिमेकडील कुतूहली वाचकांच्या प्रश्नांनी तो अरुंद मार्ग तुंबू लागला. तेव्हा निरर्थक संदेश पाठवू नयेत, अशी विनंती त्यांना करावी लागली. प्रत्यक्ष पाहिलेले व केवळ ऐकलेले यांतील फरक राखणे हीच अशा चर्चेची खरी कसोटी असते, हे या तीन दिवसांत दिसून आले.

भारत व मराठी भाषिक : परदेशांत, विशेषतः अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणारे भारतीय विद्यार्थी १९८० नंतरच्या दशकात यूझनेटवर लिहू लागले. ‘नेट.एनलँग.इंडिया’ व महानामांतरानंतर ‘सॉक.कल्चर.इंडियन’ हे त्यांचे प्रमुख चर्चापीठ होते. मायदेशाची वृत्तपत्रे दुर्मिळ असण्याच्या त्या काळात बातमी, राजकीय वाद, पाककृती व विमानतिकिटांची चौकशी हे सारे तेथे एकत्र नांदत असे. डिसेंबर १९९२ मधील अयोध्येच्या घटनेनंतरचे वाद कडवट झाले. भारतात ‘अर्नेट’ हा शैक्षणिक संगणकजाळ्याचा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. त्यातील सहभागी संस्थांपैकी मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र हे परदेशांशी जोडणाऱ्या दुव्याचे ठिकाण होते. सर्वसामान्य नागरिकांस मात्र इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले.

१९९० नंतरच्या दशकात ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा स्वतंत्र वृत्तगट अस्तित्वात आला. यूझनेटचे संदेश रोमन लिपीपुरते मर्यादित असल्याने मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. त्यात ल व ळ, न व ण, त व ट यांतील भेद लोपत. मोठ्या व लहान रोमन अक्षरांत अर्थभेद कल्पून हे उच्चार वेगळे दाखविणारी ‘आयट्रान्स’ ही लिप्यंतरपद्धती अविनाश चोपडे यांनी तयार केली. मराठी व हिंदी गीतांचे संग्रह करणाऱ्यांनी तिचा पुष्कळ उपयोग केला. मराठीतील मोकळी संगणकीय चर्चा यानंतर ‘मायबोली’ (स्थापना १९९६) यांसारख्या संकेतस्थळांकडे वळली आणि युनिकोडच्या प्रसारानंतर ती देवनागरीत होऊ लागली.

ऱ्हास : पूर्वी दर सप्टेंबरात विद्यापीठांत दाखल झालेले नवे विद्यार्थी यूझनेटवर येत व काही आठवड्यांत तेथील रीत शिकून घेत. १९९३ पासून व्यापारी सेवांनी आपले असंख्य ग्राहक यूझनेटशी जोडण्यास आरंभ केला आणि नवागतांचा ओघ थांबेनासा झाला. या कालखंडास जुने वाचक ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोना राज्यातील दोघा वकिलांनी आपल्या व्यवसायाची जाहिरात हजारो वृत्तगटांत एकाच वेळी टाकली. असंबद्ध जाहिरातींच्या या प्रकारास ‘स्पॅम’ हे नाव रूढ झाले. डिसेंबर १९९५ मध्ये बव्हेरियातील अभियोक्त्यांच्या कारवाईमुळे ‘कॉम्प्युसर्व्ह’ या सेवेने सुमारे २०० वृत्तगट आपल्या जगभरच्या ग्राहकांसाठी बंद केले. मजकूर नष्ट करता आला नाही, तरी त्याच्याकडे जाण्याचे दार बंद करता येते, हे त्यावरून दिसले. पुढे चित्रे व ध्वनिमुद्रणे यांच्या अवजड फाइलींमुळे केंद्रांचा खर्च वाढला. मे २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाने, म्हणजे यूझनेटच्या जन्मस्थानानेच, आपली सेवा थांबविली.

तंत्रवार्तांची चर्चा दरम्यान इतरत्र गेली होती. रॉब माल्डा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लॅशडॉट’वर बातमीची निवड संपादक करीत, तर वाचकांच्या प्रतिक्रियांना वाचकांतूनच निवडलेले नियामक −१ ते ५ असे गुण देत. ‘डिग’ (२००४) व ‘रेडिट’ (२००५) यांनी बातमीची निवडही मतदानावर सोपविली. त्यानंतरच्या समाजमाध्यमांत काय वर दिसावे, याचा निर्णय बव्हंशी कंपन्यांच्या आज्ञावली घेऊ लागल्या. यूझनेटच्या काळात वाचकाच्या हाती असलेली निवड अशा रीतीने प्रथम बहुमताकडे व नंतर यंत्राकडे गेली.

संग्रह व स्मृती : टोराँटो विद्यापीठाच्या प्राणिविज्ञान विभागातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून सुमारे दहा वर्षांचे संदेश चुंबकीय फितींवर जतन केले. हा साठा व १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘देजान्यूज’चा साठा यांच्या आधारे गूगल कंपनीने डिसेंबर २००१ मध्ये वीस वर्षांतील सुमारे ७० कोटी संदेशांचा संग्रह खुला केला. इतिहाससंशोधकांस तो अमोल ठरला. परंतु थोड्या आठवड्यांत पुसले जाईल, या समजुतीने तरुणपणी लिहिलेले शब्द लेखकांना दोन दशकांनंतर आपल्या नावासह पुन्हा भेटले. सार्वजनिक बोलण्याचा विसर पडण्याचा अधिकार माणसास आहे काय, हा प्रश्न त्यातून ठळकपणे पुढे आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने यूझनेटवरील नव्या संदेशांचे ग्रहण व प्रेषण थांबविले. जुना संग्रह मात्र राखून ठेवला.

मूल्यमापन : यूझनेटने अफवा, अहंकार व कलह यांना जेवढा वाव दिला, तेवढाच पडताळणी, परस्परसाहाय्य व निर्भय प्रश्न यांनाही दिला. पेंटियम प्रकरणातील यश केवळ मोकळेपणाचे नव्हते. प्रत्येकास स्वतः करून पाहता येईल असा भागाकार हाताशी होता, म्हणून ते शक्य झाले. जेथे अशी पडताळणी शक्य नव्हती, तेथे वाद वर्षानुवर्षे निष्फळ चालले. चर्चेचे माध्यम कोणाच्या मालकीचे आहे, तिचा खर्च कोण सोसतो व वाचकाची निवड कोणाच्या हाती आहे, या तीन गोष्टींवर तिचे स्वरूप अवलंबून असते, हा यूझनेटच्या इतिहासाचा निष्कर्ष होय. हे संगणकजाळे काही स्वयंसेवी केंद्रांच्या आधारे मर्यादित प्रमाणात अद्याप चालू आहे.